‘दोन स्क्रू काढा, दस्ता बदला’: वडिलोपार्जित रायफलीबद्दलच्या पाच दाव्यांना उत्तर

वडिलोपार्जित शिकारी रायफलींबद्दलचा एक मजकूर सध्या बराच पुढे पाठवला जातो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे. जुन्या माउझर रायफलीला माउझरचा कुठलाही तयार दस्ता (लोखंड धरणारा, खांद्याला टेकणारा लाकडी भाग) बसतो. काम घरच्या घरी होतं, खालचे दोन स्क्रू काढायचे आणि नव्या दस्त्यात आवळायचे. आपल्या दमट हवेत लाकूड निकामी, फायबरचा दस्ता घालून नळी दस्त्याला न टेकवता मोकळी ठेवली की नेम सुधारतोच. नंबर लोखंडावर असतो, त्यामुळे दस्त्याशी कायद्याचा संबंध नाही. आणि जुना दस्ता म्हणजे अडगळ, नव्या दस्त्याने रायफलीची किंमत वाढते.

यातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही. एक-दोन अर्धे खरे आहेत, आणि तेच जास्त धोक्याचे.

महाराष्ट्रात अशा रायफली आजही बऱ्याच घरांत आहेत. संस्थानिक, इनामदार, जुने वनाधिकारी, फौजेतले लोक यांनी इंग्रजी अमदानीत घेतलेल्या. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार हळूहळू बंद झाली आणि रायफली कपाटात गेल्या. आता नातवंडांपैकी कुणाला रेंजवर जायची आवड लागते, परवाना नावावर होतो, रायफल हातात येते, आणि सगळ्यात आधी खटकतो तो दस्ता. काळपट पडलेला, मानेशी (हाताच्या पकडीच्या बारीक भागाशी) चीर गेलेला, आपल्या खांद्याला एक तर आखूड नाहीतर लांब. तो बदलावासा वाटणं स्वाभाविक आहे. म्हणूनच इथे चुकीचा सल्ला महागात पडतो.

‘माउझरचा दस्ता कुठल्याही माउझरला बसतो’ या पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू. माउझर ९८ ही रचना १८९८ सालची, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फची. पुढे ती अनेक देशांत बनली आणि मापं बदलत गेली. रिसीव्हरचं, म्हणजे नळी ज्यात बसते त्या मुख्य पोलादी भागाचं, पुढचं कडं ‘मोठं’ असेल तर व्यास १.४१ इंच, ‘लहान’ असेल तर १.३० इंच. युगोस्लाव्हियात बनलेल्या रायफलींची अ‍ॅक्शन (रिसीव्हर आणि गोळी उडवणारी यंत्रणा) नेहमीच्या मापापेक्षा सुमारे पाव इंच आखूड, त्यामुळे दोन स्क्रूंमधलं अंतरच जुळत नाही. उलट लांब काडतुसांसाठी मॅग्नम अ‍ॅक्शन वेगळी. रिग्बी या इंग्रज बंदूक कंपनीने १९११ साली आणलेलं .४१६ काडतूस तिच्यासाठीचं. त्यात इंग्रज कारागिरांनी माउझरची फक्त अ‍ॅक्शन घेतली आणि नळी, घोड्याची कमान, मॅगझिनचं खालचं झाकण आपापल्या पद्धतीने घडवलं. लष्करी नळीला पायऱ्या असतात, शिकारी नळी सलग निमुळती होत जाते. तयार दस्त्यातली नळी बसायची खाच एकीला घट्ट होते, दुसरीला सैल.

शिवाय आपल्याकडच्या कित्येक घरांतली रायफल माउझर नसतेच. ती .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचात) असते. .३०३ हे फौजेचं काडतूस, सामान्य परवान्यावर न मिळणारं, म्हणून ईशापूरच्या कारखान्याने ८ मिमी मानलिखर काडतुसावर ही शिकारी रायफल काढली. तिची अ‍ॅक्शन ली-एनफिल्ड या ब्रिटिश फौजी रायफलीच्या घराण्यातली आणि दस्ता दोन तुकड्यांचा, पुढचा वेगळा आणि खांद्याचा वेगळा. माउझरचा एकसंध दस्ता तिला बसवणं मुळातच अशक्य आहे, पण तो मजकूर वाचून लोक .३१५ लाही स्क्रू ड्रायव्हर लावतात. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. या घराण्यातल्या जुन्या लष्करी एसएमएलई (आखूड ली-एनफिल्ड) रायफलीत खांद्याचा तुकडा एका लांब बोल्टने धरलेला असतो आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या तुकड्यातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचा तुकडा आधी न उतरवता मागून बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक पट्टीसकट फिरतं आणि पुढचं लाकूड आतून फाटतं. बाहेरून काही दिसत नाही. तुमच्या .३१५ ची आतली रचना कशी आहे हे जाणत्या माणसाकडून तपासून घेईपर्यंत त्या बोल्टला हात लावू नका.

दुनळी एक्सप्रेस रायफलीचं नावच इथे काढायला नको. तिचा दस्ता त्या एकाच बंदुकीसाठी हाताने कोरलेला असतो. तिच्यासाठी ‘तयार दस्ता’ अशी वस्तू नसते.

दुसरा दावा घरच्या घरी करायच्या कामाचा. यामागे समजूत अशी की दस्ता म्हणजे नुसती पकड, रायफल म्हणजे वरचं लोखंड. बार उडतो तेव्हा मागे येणारा सगळा धक्का लोखंडातून लाकडात जातो, आणि तो ठरावीक जागीच गेला पाहिजे. माउझरमध्ये रिसीव्हरच्या कड्याखाली पोलादाचा एक आडवा ठोकळा असतो, त्याला लग म्हणतात. पुढचा स्क्रू त्याच्यातच बसतो. लगची मागची बाजू लाकडाला सपाट, पूर्ण टेकली पाहिजे. ती टेकली नाही तर अ‍ॅक्शन कणभर मागे सरकते, तिची शेपटी (मागचं निमुळतं टोक) दस्त्याच्या मानेत पाचरीसारखी घुसते आणि मान उभी चिरते. जुन्या रायफलींत मानेशी दिसणारी चीर बहुतेकदा याच कारणाची असते. लोक तिला ‘लाकूड म्हातारं झालं’ म्हणतात आणि नवा दस्ता तितकाच सैल बसवतात. मग तोही फाटतो.

मॅगझिनची पेटीही याच हिशोबात येते. दस्त्याचं लाकूड पातळ पडलं तर स्क्रू आवळताना पेटी आधी रिसीव्हरला भिडते. स्क्रू घट्ट लागल्याचा भास होतो, पण लाकडाने अ‍ॅक्शन धरलेलीच नसते. जाड राहिलं तर पेटी खाली राहते आणि काडतूस नळीत जाताना अडकतं.

परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे हे काम शेजारी बसून पाहिलं की ‘घरच्या घरी’ या शब्दांचा फोलपणा कळतो. तो रॉकेलच्या चिमणीची काजळी अ‍ॅक्शनच्या पोटाला धरतो. काळी झालेली अ‍ॅक्शन सरळ खाली उतरवतो, हलकेच दाबतो, सरळ वर उचलतो. लाकडात जिथे काळा ठिपका उमटला तिथेच लोखंड टेकतंय. पटाशीने तेवढाच ठिपका खरवडायचा, कागदाहून पातळ. पुन्हा काजळी, पुन्हा उतरवणं. लगच्या मागची भिंत सगळीकडे सारखी काळी उमटेपर्यंत हे चालतं. शेपटीच्या मागे मात्र तो मुद्दाम बारीकशी फट ठेवतो, म्हणजे धक्का तिथे पोचणारच नाही. काही जण शेवटी लगभोवती इपॉक्सीचा थर देऊन बसण पक्की करतात, आणि तेही चांगलं आहे, फक्त लोखंडाला आधी मेण किंवा सुटं राहण्याचं द्रावण लावायला विसरलं तर रायफल दस्त्यातून कधीच निघत नाही. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने एसएमएलईसाठी स्थानिक मऊ लाकूड वापरलं तेव्हा धक्का सोसणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. हजारोंनी रायफली बनवणाऱ्यांना या दोन-चार चौरस सेंटिमीटर लाकडाची एवढी काळजी होती.

तिसरा दावा अर्धा खरा आहे, म्हणून त्यावर नीट बोलायला हवं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे कोकणातल्या कुणाला शिकवायला नको. फुगलेली पुढची बाजू नळीला एका अंगाने दाबते आणि मारा सरकतो. काचतंतूचा चांगला दस्ता फुगत नाही, हेही खरं. पण बाजारात स्वस्तात मिळतात ते साच्यातले प्लॅस्टिकचे दस्ते पुढच्या बाजूला लवतात. वाळूच्या पिशवीवर टेकवले किंवा पट्टा ताणला की वाकून नळीला लागतात, म्हणजे ज्या आजारासाठी लाकूड काढलं तोच आजार परत. लग टेकण्याची जागाही त्यांत बहुधा पोकळ असते.

नळी मोकळी ठेवण्याचा नियमही सगळ्यांना लागू नाही. एसएमएलई बनवणाऱ्यांनी पुढच्या लाकडात स्प्रिंग आणि खुंटी बसवून नळीला खालून मुद्दाम आधार दिला होता, कारण तिची बारीक नळी तशीच स्थिर राहते. कित्येक जुन्या शिकारी रायफलींत नळी पुढच्या लाकडाला स्क्रूने बांधलेली असते. तो आधार काढला की नेम सुधारेल की बिघडेल हे त्या रायफलीवर ठरतं, मजकुरावर नाही.

खांद्याची बाजू तर या चर्चेत कुणी धरतच नाही. जुना दस्ता उघड्या माशी-खाचेतून नेम धरण्यासाठी घडवलेला असतो, म्हणून गालाची कड खाली उतरती. त्यावर दुर्बीण चढवली तर गाल टेकत नाही, मान वर काढून पाहावं लागतं. दुर्बीण लावायची असेल तर उंच कडेचा दस्ता हवा, हे कारण मला पटतं. उंची कमी, हात आखूड किंवा नेमबाज डावखुरा असेल तर तेही. दमट हवा हे एकटं कारण मात्र पटत नाही. ओल लाकडाइतकीच, किंबहुना जास्त, फायबरखालच्या लोखंडाला खाते. तिथे पाणी साचतं आणि वरून पत्ता लागत नाही. पावसाळ्यात अ‍ॅक्शन उतरवून पुसून ठेवायची, दस्ता कसलाही असो.

जुन्या दस्त्याची मान काळी आणि मऊ का पडते याचं कारणही बहुधा हवेत नसतं. वर्षानुवर्षं रायफल उभी ठेवून नळीत तेल सोडलं जातं, ते खाली उतरून शेपटीमागच्या लाकडात मुरतं आणि लाकूड कुजकं होतं. तेल कमी वापरा आणि पुसल्यावर काही वेळ नळीचं तोंड खाली करून ठेवा. जुनं तेल लाकडातून काढता येतं, चीर आतून पिन घालून जोडता येते. दस्ता बदलण्याआधी हे विचारून पाहा. पुष्कळ दस्ते वाचतात.

आता कायदा. नंबर लोखंडावर असतो आणि दस्ता बदलल्याने तो बदलत नाही, इतकंच त्या दाव्यात खरं आहे. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ शस्त्र दुरुस्तीलाही परवाना मागतं, म्हणून ओळखीच्या सुताराकडे अ‍ॅक्शन सोपवणं हा गुन्हा होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक केल्या आहेत. कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात, तेव्हा परदेशातून दस्ता मागवण्याआधी परवाना शाखेत लेखी विचारा. ‘नवा दस्ता आखूड आहे, नळीही थोडी छाटून घ्या’ असा सल्लाही त्या मजकुरासोबत ऐकू येतो. नळी आखूड करायला कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. हा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा.

आणि सगळ्यात आधीची पायरी: रायफल अजून आजोबांच्याच परवान्यावर असेल आणि ते हयात नसतील, तर ती घरी ठेवताच येत नाही. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसाला परवाना मिळाल्यावरच परत घेता येते. आजोबा हयात असतील तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सत्तरी गाठल्यावर किंवा ते शस्त्र पंचवीस वर्षं बाळगल्यावर वारसाच्या नावे करण्याची सोय आहे. २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशाने आलेलं शस्त्रही त्यातच धरलं जातं. दस्त्याचा विचार त्यानंतर.

किमतीच्या दाव्याला एक उदाहरण पुरेसं आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेटना .२७५ बोअरची रिग्बी रायफल दिली. हे सगळं सांगणारी चांदीची पट्टी त्या रायफलीच्या दस्त्यावर आहे. २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती रायफल स्वतःसाठी मिळवली. दस्ता कुणी ‘अडगळ’ म्हणून फेकला असता, तर त्याच नमुन्याच्या इतर रायफलींतून ती ओळखायला जुन्या नोंदवह्याच धुंडाळाव्या लागल्या असत्या. तुमच्या दस्त्यावरही आद्याक्षरांची चकती असेल, आत पेन्सिलीने लिहिलेला आकडा असेल, मानेवरची जाळी हाताने काढलेली असेल. ती घासून नवी पॉलिश करणं हेही दस्ता फेकण्याइतकंच नुकसान आहे.

तरीही बदलायचाच असेल तर माझा आग्रह एकच: जुना दस्ता जसाच्या तसा राहिला पाहिजे. नव्या लोखंडासाठी तो कोरू नका, आखूड करू नका, त्यात रबरी पॅड बसवायला कापू नका. कोरायचं ते नव्या लाकडात. जुने स्क्रूही नव्या दस्त्यात वापरू नका. इंग्रजी बंदुकींच्या स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात, बाजारातला स्क्रू ड्रायव्हर त्या पहिल्याच फेरीत झिजवतो. नव्या दस्त्यासाठी नवे स्क्रू घ्या. जुने स्क्रू तेलाचा हात फिरवून, कुठला पुढचा आणि कुठला मागचा ते लिहून, जुन्या दस्त्याबरोबर कापडात गुंडाळा. तो कोरड्या कपाटात आडवा ठेवा, ओलीच्या भिंतीपासून लांब.