‘पोट्टे नुसते माती कालवून रायले’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

उन्हाळा कलला, की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे पालकांना घाबरवायला वेळही भरपूर मिळतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा : मेंदूची ८५ टक्के वाढ सहा वर्षांच्या आत होते, ही वर्षं अंगणवाडीत वाया घालवू नका. तिथे पोट्टे नुसते माती कालवून आणि चिंचोके मोजून रायले, तिकडे कॉन्व्हेंटातलं के.जी. वनचं लेकरू शंभरपर्यंत अंक अन् ए टू झेड लिहून रायलं. खेळातून शिकणं हे परदेशी फॅड आहे, ते पैसेवाल्यांना परवडतं. खेळत बसलेलं पोर पहिलीत मागे पडतं. लेकराचं भलं पाहिजे असेल तर दहा पालकांना पाठवा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. कॉन्व्हेंट करून आलेली, अंगणवाडीतून आलेली आणि कुठूनच न आलेली, अशी तिन्ही प्रकारची लेकरं माझ्याकडे एकाच सतरंजीवर बसतात. तेव्हा या मेसेजातल्या एकेका मुद्द्याकडे बघू.

पहिला मुद्दा ८५ टक्क्यांचा. आकडा खोटा नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आहे : मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते. पण त्याच प्रकरणात, लगेच पुढे, या वयाचं शिक्षण खेळावर, कृतीवर आणि शोधून बघण्यावर आधारलेलं असावं असंही लिहिलंय. मेसेज लिहिणाऱ्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची गोळी वाचली आणि ‘जेवणानंतर’ हा शब्द गाळला. धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला, ऑक्टोबर २०२२मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडा आला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ‘जादूई पिटारा’ नावाची पेटी आली. तिच्यात कोडी, खेळणी, बाहुल्या आहेत. पाटीवर शंभरदा गिरवायला लावा, असं त्यात कुठेही नाही.

आता शंभरपर्यंत लिहिणाऱ्या लेकराकडे येऊ, कारण पालक भुलतात ते याच मुद्द्याला.

एक ते शंभर लिहिता येणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार वर्षांच्या लेकरापुढे पाच चिंचोके जवळजवळ ठेवा, त्यांच्याच खाली दुसरे पाच लांब लांब पसरा आणि विचारा, जास्त कुठे? बहुतेक लेकरं पसरलेल्या ओळीकडे बोट दाखवतील. ती ढ नाहीत, त्या वयात डोळा लांबी बघतो. स्वित्झर्लंडचे बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी अशा प्रयोगांवर पुष्कळ काम केलं आणि नंतरच्या संशोधकांनी त्यांच्याशी भांडणही केलं. पण चिंचोके घेऊन कोणीही आपल्या ओसरीत हे करून बघू शकतं. ‘पसरले तरी पाच ते पाचच’ हे लेकराला सांगून कळत नाही. त्याने चिंचोके सरकवावे, परत गोळा करावे, एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून एकेक अंक म्हणावा, तेव्हा कधीतरी ते डोक्यात बसतं. मेसेजात ज्याला ‘चिंचोके मोजत बसणं’ म्हटलंय, ते हेच.

पहिलीत माझी साधी परीक्षा असते. ‘सात पानं आण.’ पाटीवर शंभरपर्यंत झरझर लिहिणारी काही लेकरं मूठभर पानं आणतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. सात लिहिता येतो, पण सात म्हणजे किती हे हाताला ठाऊक नसतं. त्यात आपली मराठी मोजणी आणखी अवघड. पंचवीस म्हणताना पाच आधी तोंडात येतो, म्हणून लेकरू ५२ लिहितं. (२०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तो पंचवीसला ‘वीस पाच’ म्हणण्यावरूनच. दोन्ही बाजूंनी विनोद फार झाले, लेकरांचं कोणी विचारलं नाही.) तुराटीचे बोटभर तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या बांधायला दिल्या, की दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या समोर दिसतात, मग ५२ लिहिणं आपोआप कमी होतं. पण हे पहिलीचं काम झालं. अंगणवाडीच्या वयात दहापर्यंतचे आकडे हाताखालून नीट गेले, तरी माझं निम्मं काम झालेलं असतं.

लिहिण्याचं याहून सोपं आहे, कारण तिथे वाद मनाचा नाही, हाताच्या वाढीचा आहे. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि वर्षागणिक एकेक घट्ट होत जातं. तीन वर्षांच्या लेकराच्या मनगटाच्या एक्स-रेमध्ये आठांपैकी दोन-तीनच दिसतात. बहुतेक दिसायला सहा-सात वर्षं लागतात आणि शेवटचं त्याच्याही नंतर येतं. पेन्सिल मुठीत धरणं, मग सगळ्या बोटांनी धरणं, मग अंगठा आणि दोन बोटांवर येणं, याला वेळ लागतो. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास लेकरू गोल काढतं, चौथ्याच्या पुढे चौकोन, तिरप्या रेघांचा त्रिकोण पाचव्याच्या आसपास. आणि आपण साडेतीन वर्षांच्या पोरीकडून ‘क्ष’ची गाठ मागतो! आपल्या शाळांची जुनी रीत शहाणी होती : ग, म, भ, न ही एका वळणाची अक्षरं आधी, बाकीची मागून. तीसुद्धा पहिलीत.

मग त्या आधी काय करायचं? माती कालवायची. काळी माती भिजवून तिचा गोळा मळताना सगळा तळवा कामाला लागतो. पोळ्याच्या सुमारास लेकरं बैल करतात; शिंगं काढताना अंगठा आणि दोन बोटांची चिमूट लागते, म्हणजे पुढे जी पेन्सिल धरणार तीच. शिंगं दोन, पाय चार, शेपूट एक, हे बोलणं त्यात आलंच. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहतात तेव्हा कोणाचा मोठा, कोणाचा लहान, कोणाचा पुढे, कोणाचा मागे यावर केवढी भांडणं होतात! अंगणवाडीच्या बाईने त्याच भांडणाला जरा वळण दिलं, बैल लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला सांगितले, की गणिताचा तास झाला.

कापसाचंही तसंच. मूठभर कापूस द्या आणि सरकी सोडवायला सांगा. तंतू न तोडता सरकी मोकळी करायची म्हणजे बोटांची नाजूक ओढ लागते. मग सोडवलेल्या कापसाची वात वळायची. यवतमाळ-वर्ध्याकडे हे सामान दारात पडलेलं असतं. शेतात वेचायला पाठवा असं मी म्हणत नाही, तेवढं वाचताना ध्यानात ठेवा. सतरंजीवर, सावलीत, आवडेल तेवढाच वेळ.

अक्षरांच्या आधी कानाची तयारी लागते आणि तिच्यासाठी आपल्याकडे आयता खेळ आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी होतात. गाणी झाली की खिरापत ओळखायची : झाकलेला डबा खुळखुळवायचा आणि आत काय ते सांगायचं. गोड की तिखट? दाताने फोडावं लागतं का? अंगणवाडीत तोच डबा न्या. एकात फुटाणे, एकात मुरमुरे, एकात तुरीचे दाणे. आवाजातला फरक ओळखणं हे वाचनाच्या पायातलं काम आहे, कारण ‘प’ आणि ‘फ’ कानाला वेगळे ऐकू आले तरच डोळ्याला वेगळे दिसून उपयोग. आणि ‘नाही, याचा आवाज बारीक आहे, मुरमुरेच असतील’ असं कारण देऊन बोलणारी साडेचार वर्षांची पोरगी मला ए टू झेड म्हणणाऱ्या पोरीपेक्षा पहिलीत जास्त हवी असते.

‘परदेशी फॅड’ या शब्दाने मात्र हसू येतं. फ्रोबेल नावाच्या जर्मन माणसाने लहान मुलांची खेळशाळा १८३७मध्ये काढली, हे खरं. पण पुढे १०० वर्षांनी, ऑक्टोबर १९३७मध्ये शिक्षण परिषद भरली ती वर्ध्याला. हाताने काम करत शिकणं, म्हणजे नई तालीम, तिथे मांडली गेली. तेव्हा ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. १९४५मध्ये सेवाग्रामात गांधीजींनी ती आयुष्यभरासाठी केली आणि लहान लेकरांचं ‘पूर्व बुनियादी’ शिक्षण तिच्यात आलं. त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली, आणि पाड्यावरची पोरं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला देशात सुरू झाली, आणि मेळघाटातल्या धारणीत ती अगदी सुरुवातीच्या काळात पोचली. ज्या गोष्टीचा निम्मा इतिहास आपल्याच जिल्ह्यांत घडला, तिला फॅड म्हणायचं आणि टाय लावलेल्या गणवेशाला संस्कृती?

पैशांचा मुद्दा उलटाच आहे. चिंचोके, तुराट्या, पळसाची पानं, काळी माती, रिकामे डबे यांना काय पडतं? पैसे लागतात ते फीला, पुस्तकांच्या संचाला, व्हॅनला. कॉन्व्हेंटात पाठवणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. कापसाचा भाव पडलेला असताना लेकराची फी भरणारा बाप मला उधळ्या वाटत नाही. त्याला फसवणाऱ्या मेसेजावर माझा राग आहे.

इंग्रजीबद्दल थोडंच. ‘ए फॉर ॲपल’ म्हणता येणं म्हणजे इंग्रजी येणं नव्हे. आणि मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, यवतमाळच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी बोलणाऱ्या लेकराला तर मराठी हीच दुसरी भाषा असते. त्याच्या हातात वस्तू असेल आणि बाई तिचं नाव त्याच्या बोलीत आणि मराठीत दोन्ही घेत असतील, तर शब्द टिकतो. जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, असं ते ८५ टक्केवालं धोरणच सांगतं.

राहिला शेवटचा मुद्दा, अंगणवाडीत वर्षं वाया जातात हा, आणि यात मेसेजातलं थोडं खरं आहे. काही अंगणवाड्यांमध्ये खरंच काही होत नाही. लेकरं येतात, खिचडी खातात, भिंतीला टेकून बसतात, घरी जातात. याला खेळातून शिकणं म्हणत नाहीत, आणि याचा बचाव करायला मी हे लिहीत नाही. पण कारणही बघा. सेविका एकटी. तिने वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचं, रजिस्टरं भरायची, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा आणि त्यातून उरल्या वेळात शिकवायचं. मदतनीस स्वयंपाकात. २०२३च्या ‘पोषण भी, पढाई भी’ कार्यक्रमात रोज किमान दोन तास शिकवण्याचे धरलेत. ते दोन तास तिला मिळावेत यासाठी ग्रामसभेत एकाही पालकाने बोललेलं मी ऐकलेलं नाही. मेसेज पुढे पाठवायला मात्र सगळे तयार.

तेव्हा तुमच्या गावातल्या अंगणवाडीत एकदा सकाळी जाऊन बसा. भिंतीवर किती चित्रं रंगवलीत ते बघू नका, रंगारी कोणीही आणतं. लेकरांच्या हातात काय आहे ते बघा. साहित्य पेटीत कुलूपबंद असेल तर का ते विचारा; बऱ्याचदा ‘हरवलं तर भरून कोण देणार’ हेच उत्तर येतं आणि ते ग्रामपंचायतीला सोडवता येण्यासारखं असतं. बाईंना चिंचोके, डबे, कापूस नेऊन द्या. मात्र तीन वर्षांखालचं भावंड सोबत येत असेल तर बारीक दाणे मोठ्याच्या नजरेखालीच, ते नाकात-कानात जातात. आणि लाल-काळ्या गुंजा किंवा एरंडीच्या बिया कितीही सुंदर दिसल्या तरी मोजायला देऊ नका. दोन्ही विषारी आहेत, चावल्या तर लेकराच्या जिवावर बेततं.