चाळीस खुर्च्यांचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाशिकमध्ये नवउद्योजकांसाठी को-वर्किंगची, म्हणजे महिन्याच्या पैशावर खुर्चीवार वापरायला द्यायच्या सामायिक कार्यालयाची, जागा उभारण्यावरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. लेख ठेकेदाराने लिहिल्यासारखा आहे, त्यात भिंती आणि वायरींवर पानंच्या पानं आणि माणसं जोडण्यावर दोन ओळी आहेत. चाळीसपैकी तीस खुर्च्या भरल्या की खर्च निघतो, हा हिशेब चुकीचा आहे. आणि स्टार्टअपवाले वेळेवर पैसे देत नाहीत, तेव्हा पुण्या-मुंबईबाहेर हे चालणारच नाही.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. त्या हिशेबात मी जागेच्या सजावटीचा (भिंती, वायरिंग, एसी, फर्निचर) खर्च धरलाच नव्हता. तो धरून पुन्हा मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या रस्त्यावरचे दर त्यात घाला.

चाळीस खुर्च्यांना दर खुर्चीमागे ५० चौरस फूट धरले तर २,००० चौरस फूट कार्पेट (प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ) लागतो. भाडं मात्र बिल्टअपवर (भिंती वगैरे धरून मोजलेल्या क्षेत्रफळावर) आकारतात, म्हणजे समजा २,६०० चौरस फूट. ३० रुपये दराने ते महिना ७८,००० होतं. वीज ४०,०००, दोन माणसांचे पगार ४०,०००, इंटरनेटच्या दोन लाइन ८,०००, सफाई-चहा-पाणी १४,०००. एकूण १,८०,०००. खुर्चीला ६,००० रुपये मिळाले तर तीस खुर्च्या, हा झाला जुना हिशेब. आता सजावटीचे २४ लाख पाच वर्षांत वसूल करायचे, म्हणजे महिना आणखी ४०,०००. खर्च २,२०,००० वर गेला आणि भरायच्या खुर्च्या सदतीस झाल्या. चाळीसात सदतीस कायम भरलेल्या ठेवणं फारसं कोणाला जमत नाही. सभासदाला महिन्याच्या नोटिशीवर जाता येतं, हे विसरून चालणार नाही.

म्हणून खरा प्रश्न भाडेकराराचा आहे. घेताना पाच वर्षांची बांधिलकी आणि विकताना एका महिन्याची, या दरीत मोठमोठे बुडाले आहेत. अमेरिकेत वीवर्क या को-वर्किंग कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यामागे लांब मुदतीच्या भाडेकरारांचं ओझं हे मोठं कारण होतं. आपल्याकडे ‘ऑफिस’ (Awfis) या को-वर्किंग कंपनीने बऱ्याच जागांसाठी दुसरी वाट धरली: सजावटीचा काही खर्च जागामालकाने करायचा आणि ठरावीक भाड्याऐवजी उत्पन्नात वाटा घ्यायचा. लहान शहरात रिकामे मजले वर्षानुवर्षं पडून असतात, तिथे मालकाशी ही बोलणी नक्की करून पाहावीत. मालकाने २४ पैकी १० लाखांची कामं (स्वच्छतागृहं, वायरिंग, एसी) केली तर तुमचा मासिक हप्ता सुमारे २३,३०० वर येतो. मीटिंग रूम रोज दोन तास, तासाला ४०० रुपयांनी, महिन्यात २२ दिवस गेली तर १७,६०० येतात. मग एकतीस खुर्च्यांवर खर्च निघतो. सजावटीचे दोन-तीन महिने भाडेमुक्त मागायला विसरू नका.

करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर ०.२५ टक्के लागतं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. वरच्या भाड्याला, ४ लाख डिपॉझिट आणि ६० महिने धरले तर भाडेवाढ सोडून १२,२०० रुपये. रक्कम किरकोळ आहे, ती वाचवायला जाऊ नका. तीन कलमं मात्र ओळीने वाचा. लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) तुमच्यावर जास्तीत जास्त बारा महिने असावा आणि मालकावर छत्तीस. जागा खुर्चीवार इतरांना वापरायला देण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला असावा. आणि सभासदांना हा पत्ता कंपनीच्या व जीएसटीच्या नोंदणीसाठी वापरण्याची, दारावर नावाची पाटी लावण्याची मालकाची संमती त्यातच असावी. ती नसली की सभासदाचा जीएसटीचा अर्ज शंका काढून परत येतो आणि सभासद दुसऱ्याच दिवशी निघून जातो. नोंदणीकृत कार्यालयाबाहेर नावाची पाटी लावणं कंपनी कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे पाट्यांची जागा नकाशातच काढा.

जीएसटीबद्दल थोडक्यात. मालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि तुमची असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हालाच रोखीने भरावा लागतो. त्याची वजावट (सभासदांकडून घेतलेल्या जीएसटीतून तो वजा करण्याची सोय) नंतर मिळते, पण पहिल्या महिन्यात ते पैसे हाताशी हवेत. टेबल-खुर्च्या, राउटर, प्रिंटर यांवरच्या कराची वजावट मिळते. भांडवली खर्चात दाखवलेल्या बांधकामावरच्या कराची मिळत नाही.

आता पहिला आक्षेप. माणसं जोडली जाण्याबद्दल तुमची तळमळ मला पूर्ण पटते आणि म्हणूनच मी भिंतींवर एवढं लिहिलं. सभासद जागा सोडतात त्यामागे आवाज हे एक मोठं कारण असतं. एकाचा ग्राहकाशी फोन चालू असतो आणि आठ जणांचं काम थांबतं. पंधरा दिवस ते सोसतात, मग घरून काम सुरू करतात. जे जागेवर बसतच नाहीत त्यांची ओळख कशी होणार?

दहा-बारा खुर्च्यांमागे एक फोन बूथ (दार लावून फोनवर बोलायची लहान खोली) हवाच. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जिप्समची भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवणं. वरच्या पोकळीतून शब्द न् शब्द शेजारच्या केबिनमध्ये जातो. भिंत वरच्या स्लॅबपर्यंत न्यायची, दोन्ही बाजूंना १२.५ मिमीचे दोन-दोन बोर्ड लावायचे, मध्ये ५० मिमी रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरायचं आणि वायरींची भोकं सीलंटने बुजवायची. एवढं करून दाराखाली बोटभर फट राहिली तर सगळं वाया जातं. लावलं की खाली उतरणाऱ्या रबरी पट्टीचं दार घ्या. बूथला लहान एक्झॉस्ट फॅन हवाच, नाहीतर दहा मिनिटांत आतला माणूस घामाघूम होऊन दार उघडून बोलू लागतो.

मीटिंग रूमचंही तेच. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. आठ माणसं बंद काचेच्या खोलीत तासभर बसली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकी जड होतात आणि दोष एसीवर जातो. एक एक्झॉस्ट आणि हवा आत येण्याची एक जाळी लावली की हे टळतं.

विजेचा भार आधी मोजा. दीड टनाचे नऊ एसी साधारण १४ किलोवॅट, लॅपटॉप-मॉनिटर ४, दिवे २, पँट्री आणि प्रिंटर मिळून २ ते ३. बेरीज २० किलोवॅटच्या वर जाते, आणि महावितरणच्या व्यावसायिक दरात २० च्या पुढचा गट वेगळा आहे, तिथे केव्हीएवर मागणी आकार, म्हणजे युनिटांखेरीज भारानुसार वेगळी रक्कम, लागतो. मालकाच्या मीटरला मंजूर भार अनेकदा यापेक्षा बराच कमी असतो. भार वाढवून घेण्याचा अर्ज करार सहीला जाण्याआधी मालकाकडून करून घ्या, उद्घाटनाच्या आठवड्यात नको.

प्रत्येक टेबलाला यूपीएस देण्याची गरज नाही, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. वीज गेल्यावर राउटर, स्विच आणि वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट जगले पाहिजेत. त्यांना मिळून ३००-४०० वॉट लागतात. १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांवर चार तास निघतात. इंटरनेट दोन कंपन्यांचं घेतलं तरी दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे बाहेर जाऊन डोळ्यांनी पाहा. आणि एक लाइन भर कामाच्या वेळी हाताने काढून बघा, दुसरी आपोआप चालू होते का ते तेव्हाच कळतं.

माणसं जोडली जातात ती पाण्याचं फिल्टर, चहा आणि प्रिंटर एकाच कोपऱ्यात असतील तर. तो कोपरा कामाच्या हॉलपासून दाराने वेगळा ठेवा, म्हणजे तिथे मोकळेपणाने बोलता येईल.

तिसरा आक्षेप अर्धा मान्य. केवळ स्टार्टअपवर जागा भरत नाही. दोघं-तिघं येतात, वाढले की जातात, थकले तरी जातात. शिवाय कॉलेजांच्या इन्क्युबेटरमध्ये (नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रांत) त्यांना स्वस्तात बसायला मिळतं, त्या दराशी स्पर्धा करू नका. साठ टक्के खुर्च्या चार ते सहा जणांच्या केबिनमध्ये ठेवा आणि बाहेरच्या कंपन्यांच्या शाखा, पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत दुरून काम करणारे गट, सीए यांना अकरा महिन्यांच्या कराराने द्या. उरलेल्या मोकळ्या खुर्च्या नवउद्योजकांच्या, आगाऊ महिन्याच्या पैशावर. केबिनवाले त्यांचे पहिले ग्राहक होऊ शकतात.

शेवटी तुम्ही टेबल टेनिस ठेवण्याबद्दल विचारलं आहे. टेबल ९ बाय ५ फुटांचं असलं तरी खेळायला किमान १८ बाय ११ फूट लागतात, म्हणजे चार खुर्च्यांची जागा, महिना २४,००० रुपये, आणि चेंडूचा टकटकाट हॉलभर. जेवणाच्या खोलीत कॅरम ठेवा.