एकूण गल्ला सोडा, सोमवार बघा

एखाद्या गाजलेल्या चित्रपटाला नावं ठेवली की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "एवढे कोटी कमावलेत, लोक काय वेडे आहेत का?" आणि आपल्याला आवडलेला चित्रपट पडला की तेच उलट्या बाजूने ऐकावं लागतं, "चांगला असता तर चालला असता." हा वाद वर्षानुवर्षं तसाच चालू आहे, कारण दोन्हीकडची माणसं चुकीच्या आकड्यावर भांडतात. बॉक्स ऑफिसचा दर्जाशी काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. संबंध आहे. पण तो पोस्टरवरच्या मोठ्या आकड्यात सापडत नाही. त्यासाठी तो आकडा फोडून, दिवसवार बघावा लागतो.

आधी पोस्टरवरचा आकडा म्हणजे नेमकं काय ते बघू. तो बहुतेक वेळा जगभरातला ग्रॉस असतो, म्हणजे प्रेक्षकांनी तिकिटासाठी मोजलेले सगळे पैसे, करासकट. कर वजा केला की उरतं ते नेट. नेटमधून थिएटरने आपला वाटा काढून घेतला की वितरकाचा शेअर. त्यातून जाहिरातीचा खर्च आणि वितरकाचं कमिशन गेल्यावर जे राहतं ते निर्मात्याच्या हातात पडतं. हा वाटा सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेत ढोबळमानाने निम्मे पैसे थिएटरकडे राहतात. चीनमध्ये हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटाला साधारण 25 टक्केच मिळतात. त्यामुळे दोन चित्रपटांचा ग्रॉस अगदी सारखा असला, तरी एक फायद्यात आणि दुसरा तोट्यात असू शकतो. निर्मितीखर्चाच्या अडीचपट ग्रॉस झाला तर पैसे सुटले, हा हॉलिवूडमधला ठोकताळा त्यातूनच आला. तोही फक्त ठोकताळाच.

फायद्याचं तर आणखी अवघड. 1988 च्या 'कमिंग टू अमेरिका'ने जगभरात 28 कोटी डॉलरच्या वर धंदा केला. तरी मूळ कल्पनेबद्दल नफ्यात वाटा मिळायला हवा म्हणून विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड कोर्टात गेले, तेव्हा चित्रपट काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीच्या हिशेबात निव्वळ नफा शून्य होता. 1990 मध्ये न्यायाधीशांनी त्या करारातली नफा मोजण्याची पद्धतच अन्याय्य ठरवली. चित्रपटाने किती कमावले हे ठरवायलाच जिथे कोर्ट लागतं, तिथे त्याच आकड्यावरून तो किती चांगला हे आपण छातीठोकपणे सांगतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे मोजणं आणि माणसं मोजणं यातला फरक. तिकिटं महागली, थ्रीडीचे आणि आयमॅक्सचे जादा पैसे त्यात आले की 'आजवरची सर्वाधिक कमाई' हा विक्रम दर काही वर्षांनी मोडणारच. महागाई धरून हिशेब केला तर 1939 चा 'गॉन विथ द विंड' आजही सगळ्यांच्या पुढे आहे, आणि त्यातही तो अनेकदा पुन्हा प्रदर्शित झाला हे धरावं लागतं. फ्रान्समध्ये यश मोजतात ते मुळात विकल्या गेलेल्या तिकिटांवर. तिथे 2011 च्या 'इंटचेबल्स'ला 1 कोटी 90 लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. दक्षिण कोरियातही फिल्म कौन्सिलची यंत्रणा रोजची प्रेक्षकसंख्या जाहीर करते, आणि तिथला मानाचा टप्पा 1 कोटी प्रेक्षकांचा आहे. तिथे कोटी मोजतात, पण माणसांचे. कुठल्याही दोन वेगळ्या काळातल्या चित्रपटांची तुलना करायची असेल तर आधी फुटफॉल, म्हणजे किती माणसांनी तिकीट काढलं तो आकडा, विचारा. तो आकडा मिळत नसेल तर तुलना करू नका.

आता मुद्द्याचं. पहिल्या तीन दिवसांत जो माणूस तिकीट काढतो, त्याने चित्रपट पाहिलेला नसतो. त्याने ट्रेलर पाहिलेला असतो, गाणं ऐकलेलं असतं, नट आवडत असतो, आधीचा भाग आवडलेला असतो. त्यामुळे ओपनिंग हे जाहिरातीचं, नटाच्या वजनाचं, सुट्टीचं आणि पडद्यांच्या संख्येचं मोजमाप आहे. चित्रपट अडीच तासांत काय करतो याचा त्यात जवळजवळ काहीच अंश नसतो. 1975 मध्ये 'जॉज' एकाच दिवशी चारशेहून अधिक थिएटरांत लागला आणि त्याआधी टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला. तेव्हापासून पहिल्या आठवड्यातच पैसे वसूल करायचे हीच धंद्याची रीत झाली. आज हजारो पडद्यांवर एकदम लावण्यामागे तेच गणित आहे. बरा-वाईट बोभाटा होण्याच्या आत जास्तीत जास्त तिकिटं खपवायची.

बोभाटा व्हायला फार वेळ लागत नाही. शनिवारी रात्रीपर्यंत पाहून आलेल्यांनी इतरांना सांगितलेलं असतं. त्याचा पहिला स्वच्छ परिणाम सोमवारी दिसतो, कारण त्या दिवशी सुट्टी नाही, हौस थोडी कमी झालेली, आणि तरीही जो येतो तो बहुतेक कुणीतरी "बघच" म्हटल्यामुळे येतो. शुक्रवारचा गल्ला 100 धरा. सोमवार 70 च्या आसपास राहिला तर लोकांना चित्रपट आवडलाय. 50 म्हणजे ठीकठाक, आठवडाभर तग धरेल. 35 च्या खाली गेला तर शनिवार-रविवार कितीही मोठा झालेला असो, चित्रपट पडायला लागलाय. एखाद्याचा सोमवार शुक्रवारच्याही वर गेला तर तो चित्रपट काय आहे ते आवर्जून जाऊन बघावं. हे माझे अंदाजाचे पट्टे आहेत, चार-दोन टक्के इकडेतिकडे धरा.

दुसरं मोजमाप म्हणजे एकूण कमाई भागिले पहिल्या वीकेंडची कमाई. याला मल्टिप्लायर म्हणतात. 'टायटॅनिक' डिसेंबर 1997 मध्ये अमेरिकेत लागला तेव्हा पहिल्या तीन दिवसांत 2 कोटी 86 लाख डॉलर आले, आणि पहिल्या प्रदर्शनात तिथली एकूण कमाई 60 कोटींवर गेली. एकवीसपट. सलग 15 वीकेंड तो पहिल्या क्रमांकावर होता. 2002 चा 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' 108 थिएटरांत लागला, पहिल्या वीकेंडला सहा लाख डॉलरच्या आसपास आले, एकाही वीकेंडला तो पहिल्या क्रमांकावर नव्हता, आणि शेवटी तिथेच 24 कोटींवर पोहोचला. याउलट 2016 चा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'. पहिला वीकेंड 16 कोटी 60 लाखांचा, दुसऱ्या वीकेंडला 69 टक्के घसरण, एकूण 33 कोटी. जेमतेम दुप्पट. 33 कोटी हा आकडा 24 पेक्षा मोठा आहे, पण पाहून आलेला प्रेक्षक काय सांगत होता ते या दोन मल्टिप्लायरमध्ये लख्ख दिसतं.

ही मोजमापं फसतातही, आणि कुठे फसतात हे माहीत नसेल तर वापरूच नयेत. शुक्रवारी सुट्टी असेल तर शुक्रवार फुगतो आणि सोमवार विनाकारण वाईट दिसतो. अशा वेळी सोमवारची तुलना शनिवारशी करा किंवा मंगळवारची वाट बघा. आदल्या रात्रीचे पेड प्रिव्ह्यू (तिकीट लावून आधीच केलेले शो) शुक्रवारच्या आकड्यात मिसळले असतील तर ते आधी बाजूला काढावे लागतात. लहान मुलांचे चित्रपट शाळेच्या दिवसांत पडतात आणि शनिवार-रविवारी पुन्हा उठतात, त्यामुळे त्यांचा सोमवार बघण्यात अर्थ नाही, दुसरा शनिवार बघावा. भयपट आणि मोठ्या मालिकांचे पुढचे भाग यांचे चाहते पहिल्याच दिवशी गर्दी करतात, म्हणून त्यांची घसरण सहसा तीव्र असते. त्यांची तुलना त्यांच्याच जातीच्या चित्रपटांशी हवी. फक्त 100-200 पडद्यांवर लागून हळूहळू वाढवलेल्या चित्रपटाचा मल्टिप्लायर आपोआप मोठा येतो, हे 'ग्रीक वेडिंग'लाही लागू आहे. आणि दुसऱ्या शुक्रवारी मोठा चित्रपट आला की आधीच्याचे पडदे काढून घेतले जातात. मग घसरण प्रेक्षकांनी केली की शो कापल्यामुळे झाली हे ओळखायला प्रत्येक शोमागची सरासरी काढावी लागते. शो निम्मे झाले आणि प्रत्येक शोला येणारी माणसं तेवढीच राहिली किंवा वाढली, तर चित्रपट पडलेला नाही, त्याची जागा गेली आहे.

घाऊक बुकिंगबद्दलही बोललं पाहिजे. निर्माता, ब्रँड किंवा चाहत्यांची मंडळं एकगठ्ठा तिकिटं काढतात. तिकीट विकलं गेलं म्हणून आकडा खरा असतो, खुर्ची मात्र रिकामी राहू शकते. याची खूण अशी की आगाऊ बुकिंग जोरदार असतं पण शोच्या आधीच्या तासाभरात होणारी विक्री नगण्य असते. सकाळचा आडवेळेचा शो भरलेला आणि संध्याकाळचा मात्र रिकामा, असं चित्र दिसलं तर माझा तरी त्या आकड्यावरचा विश्वास उडतो. खऱ्या चाललेल्या चित्रपटात गर्दी आधी संध्याकाळ-रात्र भरते आणि मग दुपारकडे सरकते.

समजा हे सगळं गाळून स्वच्छ मल्टिप्लायर हाती आला. तो दर्जा सांगतो का? माझं मत, नाही. तो समाधान सांगतो, आणि समाधान अपेक्षेवर अवलंबून असतं. अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ए प्लस ते एफ अशी श्रेणी घेते. 2017 च्या 'मदर!'ला तिथे एफ मिळाला. भयपट म्हणून जाहिरात झालेली, आणि आत निघाली एक अवघड, अंगावर येणारी रूपककथा. तो एफ दिग्दर्शनाला नव्हता, फसवणूक झाल्याच्या भावनेला होता. चुकीच्या माणसाला विकलेला चांगला चित्रपट सोमवारी पडतो. तसाच बरोब्बर माणसाला विकलेला सामान्य चित्रपट आठ आठवडे चालतो. पटकथेची बांधणी, ध्वनी, संकलन, नटाने एका शांत प्रसंगात केलेलं काम, यातलं काहीही कुठल्याच तक्त्यात येत नाही. ते बघूनच ठरवावं लागतं, आणि ते काम आकड्यावर ढकलणाऱ्या समीक्षकांचा मला राग येतो.

"काळ ठरवेल" असंही म्हणतात. काही वेळा ठरवतो. 'शोले' 15 ऑगस्ट 1975 ला लागला तेव्हा सुरुवात थंड होती, पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. 'कागज के फूल' 1959 मध्ये सपशेल पडला. त्यानंतर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून कुठल्याही चित्रपटाला आपलं नाव लावलं नाही, आणि आज तो अभ्यासक्रमांत शिकवला जातो. 1994 चा 'द शॉशँक रिडेम्प्शन' अडीच कोटी डॉलर खर्चून केलेला, पहिल्या फेरीत दीड कोटीच्या थोडंच वर गेला. सात ऑस्कर नामांकनं मिळाल्यावर पुन्हा लावला तेव्हा कुठे कमाई खर्चाच्या पुढे गेली, आणि त्याला खरं घराघरात नेलं ते व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीने. पण काळही निःपक्षपाती नसतो. 1946 चा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' पडला होता. 1974 मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्ही वाहिन्यांना तो जवळजवळ फुकट मिळू लागला, दर नाताळात दिसू लागला आणि सगळ्यांचा लाडका झाला. तो चांगला होताच. पण तो कागद वेळेवर भरला गेला असता तर आज किती जणांना माहीत असता? तितकेच चांगले, कागद वेळेवर भरलेले कितीतरी चित्रपट कुठल्यातरी गोदामात पडून असतील.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते पुढचं. आकडा नुसता निकाल सांगून थांबत नाही, तो पुढचा निकाल घडवतो. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 2017 च्या 'द लास्ट जेडाय'साठी डिस्नेने अमेरिकी थिएटरांकडून 65 टक्के वाटा आणि चार आठवडे सगळ्यात मोठा पडदा मागितला होता. अशा अटींखाली असलेला थिएटरवाला त्या पडद्यावर छोटा चित्रपट लावूच शकत नाही, त्याला तो कितीही आवडलेला असो. मग छोट्याला मिळतो एकच शो, तोही कामाच्या दिवशी दुपारी सव्वाबाराचा. त्या वेळेला माणूस येत नाही, आणि आठवड्याच्या शेवटी तक्त्यात लिहिलं जातं, "प्रेक्षकांनी नाकारला."

पुढच्या आठवड्याचे शो ठरतात ते साधारण रविवार रात्र आणि सोमवारच्या आकड्यांवर. म्हणून एखादा छोटा चित्रपट बघायचं मनात असेल तर "निवांत पुढच्या आठवड्यात" करू नका. पहिल्या रविवारच्या आत जा, तिकीट आगाऊ काढा म्हणजे ते आधीच हिशेबात दिसतं, जमलं तर संध्याकाळचा शो धरा. आवडला तर त्याच रात्री चार माणसांना फोन करा, नाव आणि शोची वेळ सांगून. ती चार माणसं सोमवारी गेली, तर सव्वाबाराचा शो संध्याकाळी सरकायची निदान शक्यता तरी उरते.