‘भंगारातली गाडी’ म्हणणाऱ्या वाचकांना : सरळ अ‍ॅक्सल का थडथडतो आणि कुणाचा

मागच्या लेखावर (जुन्या गॅसरसारखी, म्हणजे नाक वर उचललेल्या ड्रॅग रेसच्या गाडीसारखी दिसणारी, पण नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवता येणारी १९५५ ची शेवरले, जमवलेल्या सुट्या भागांतून) ‘एक जुना वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी थोडक्यात देतो, म्हणजे मी काहीतरी गाळलं असं कुणी म्हणायला नको :

‘भंगारातून गाडी जोडून ती रस्त्यावर आणणं म्हणजे दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. सरळ अ‍ॅक्सल (पुढची दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आडवा दांडा) वेग घेतला की थरथरतोच, हे तुम्ही सोयीस्करपणे लपवलंत. न्यू जर्सीतल्या मित्राच्या गाडीत मी बसलोय, पंचेचाळीस मैलांवर स्टिअरिंग हातात राहत नव्हतं. मागे चीटर स्लिक (जवळपास गुळगुळीत, नावापुरत्या खाचांचे रेसचे) टायर लावून पावसात ब्रेक कसा लागणार? मागच्या अ‍ॅक्सलला ४.५६ चा गिअर घेऊन हायवेवर जाणार का? आपल्याकडे आरटीओने पहिल्याच दिवशी उचलली असती. शेवरलेच्या ३२७ इंजिनाच्या क्रँकचं मापही चुकलंय. ३५० चा क्रँक टाका, कुठल्याही ३२७ ब्लॉकमध्ये बसतो. आणि एका चांगल्या जुन्या गाडीची वाट लावलीत ते वेगळंच. हो, मित्राच्या गाडीत पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) शॅकल, म्हणजे टोकाच्या झुलत्या कड्या, मागे आहेत आणि स्टिअरिंग बॉक्सही मागेच.’

क्रँकची चूक माझी, ती आधी कबूल करतो. सगळ्या ३२७ चा मुख्य जर्नल (ब्लॉकमधल्या बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग) २.४५ इंच असं मी सरसकट लिहिलं होतं. ते फक्त १९६८ आणि ६९ चं माप. १९६२ ते ६७ च्या इंजिनांत तो २.३० इंच असतो. लेखात दुरुस्ती केली आहे. पण महाशय, हेच शिकवताना तुम्ही ३५० चा क्रँक ‘कुठल्याही’ ३२७ ब्लॉकमध्ये बसवून मोकळे झालात. ३५० चा जर्नल २.४५ चा, तो २.३० च्या ब्लॉकमध्ये नुसता टाकून कसा बसेल? छोटा क्रँक मोठ्या ब्लॉकमध्ये जाड बेअरिंग घालून चालवता येतो, उलटं नाही. दुसऱ्याचं माप काढताना आपली पट्टी तपासून घ्यावी.

आता ‘भंगार’. हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. सुटे भाग जमवणं आणि भंगार उचलणं यातला फरक कास्टिंग नंबरात (भाग ओततानाच त्यावर उमटवलेल्या नंबरात) असतो. ४६१ नंबराचे ‘डबल हंप’ सिलिंडर हेड, साठच्या दशकातला मन्सी गिअरबॉक्स, फोर्ड इकोनोलाइन व्हॅनचा आय-बीम अ‍ॅक्सल, या वस्तू क्रॅक तपासून, मापं घेऊन घ्याव्या लागतात. ४६१ च्या टोकांना अल्टरनेटरच्या ब्रॅकेटसाठी भोकंच नसतात, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात ती हेडं पडली तर मात्र खरंच भंगार होतात. बावीस वर्षं मी गाड्यांच्या फ्रंट एंडचंच काम करतोय. ‘जिवाशी खेळ’ हे मला कुणी एका ओळीत शिकवू नये.

पण मुद्दा अ‍ॅक्सलचा. ‘थरथरतोच’ यातला तो ‘च’ मला मान्य नाही. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या गॅस वर्गात, म्हणजे पंपावरच्या पेट्रोलवर धावणाऱ्या गाड्यांत, हा अ‍ॅक्सल आला तो हलका, सोपा आणि नाक वर उचलणारा म्हणून. नाक वर म्हणजे सुटताना वजन मागच्या चाकांवर. तरी तिथेही क्रँकचा मध्य जमिनीपासून २४ इंचांच्या वर नको असा नियम होता. आजचे हौशी लोक गाडी त्याच्याही वर नेतात, शिडीवर चढवल्यासारखी, आणि मग दोष अ‍ॅक्सलच्या माथी. सरळ अ‍ॅक्सलवर ट्रक आयुष्यभर चालतात. थडथडतो तो चुकीचा जोडलेला अ‍ॅक्सल.

पहिला संशयित किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं ती. चाक जॅकवर घ्या, वरून आणि खालून (घड्याळातल्या बारा आणि सहावर) धरून हलवा. मग दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. नवे बुश ठोकून बसवले की काम झालं असं नसतं. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने (भोक मापाला घासणाऱ्या हत्याराने), एका रेषेत रीम करावा लागतो. वेगवेगळे घासले की पिन एकीकडे घट्ट, एकीकडे सैल राहते, आणि सहाशे मैलांत पुन्हा तेच.

दुसरा कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर किंगपिन मागे किती झुकलाय तो कोन, आणि घोळ जास्त इथेच होतो. लेखात मी पाच ते सात अंश लिहिलं ते गाडी शेवटच्या उंचीवर, टाकी भरलेली आणि ड्रायव्हर बसलेला असताना. शेवरलेचा व्हीलबेस ११५ इंच आहे. नाक चार इंच वर नेलं की फ्रेम जवळपास दोन अंश मागे कलते आणि किंगपिनही तेवढाच मागे झुकतो. म्हणजे फ्रेम सपाट ठेवून सहा अंश लावून पाट्यांचे ब्रॅकेट वेल्ड केलेत, तर गाडी उभी राहिल्यावर ते आठ होतात. कॅस्टर कमी पडला की गाडी भटकते, आणि फार वाढला की चाक वळताना आडवं पडायला बघतं, खड्डा मिळाला की थडथड सुरू. अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पाचर घालून हे सुधारता येतं. पाचरेचं जाड टोक कुठल्या बाजूला ते डोक्यात न ठरवता अँगल गेजवर बघा. उलटी बसवलेली पाचर मी मोजायच्या पलीकडे पाहिली आहे.

तिसरं, पाट्यांचं शॅकल कुठल्या टोकाला. स्टिअरिंग बॉक्स अ‍ॅक्सलच्या मागे असेल आणि ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) डाव्या बाजूने पुढे जात असेल, तर पाट्याचं स्थिर टोक मागे हवं, शॅकल पुढे. अ‍ॅक्सल वर-खाली होताना तो स्थिर टोकाभोवती कमान काढतो आणि ड्रॅग लिंक बॉक्सच्या टोकाभोवती. दोघांची केंद्रं एकाच बाजूला असली की कमानी जुळतात. शॅकल मागे ठेवलंत तर त्या एकमेकांविरुद्ध जातात आणि प्रत्येक उंचवट्यावर चाक आपणहून वळतं. तपासणी सोपी : गाडी स्टँडवर, स्टिअरिंग व्हील दोरीने बांधलेलं, अ‍ॅक्सल जॅकने दोन इंच वर आणि दोन इंच खाली. चाक डोळ्यांना दिसेल इतकं वळलं तर कटर काढा. ही थडथड नव्हे, पण थडथडीला सुरुवात करून देते ती हीच.

टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) अर्धा सूत ते एक सूत. चाकं गोल आहेत ना हे डायल गेज लावून बघा. पुढचे अरुंद बायस टायर वर्षभर एका जागी उभे राहिले की चपटे होतात. एवढं सगळं बरोबर असेल तर स्टिअरिंगचे हिसके शोषणारा डँपर लागतच नाही. लोक आधी डँपर घेतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

बाकीच्या गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. पाऊस : अशी गाडी पावसात काढू नये, हे वेगळं लिहायला हवं होतं का? गिअर : सूत्र माहीत असेलच. २८ इंची टायरवर साठ मैलांना ४.५६ म्हणजे सुमारे ३,२८० आरपीएम, कान किटतील. म्हणूनच मी मन्सीचा एम-२० गिअरबॉक्स आणि मागे ३.७० सुचवलं होतं. पहिल्या गिअरचा आणि मागच्या अ‍ॅक्सलचा गुणाकार ९.३ येतो, एम-२१ आणि ४.५६ चा १०, आणि हायवेवर आरपीएम २,६६० वर उतरतात. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर हा प्रश्नच आला नसता. आरटीओ : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत आहे, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल तिथे चालत नाही. ही गाडी भारतात नाही, अमेरिकेत आहे. इथे नियम राज्याराज्याला वेगळे आहेत. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, मफलर आणि पुढे एएस-१ खुणेची लॅमिनेटेड काच एवढं नीट असलं की निम्मे प्रश्न मिटतात. व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) पट्टी एका गाडीवरून दुसरीवर लावणं मात्र केंद्रीय गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका. आणि ‘वाट लावलीत’ : या गाडीची फ्लोअर पॅन (तळाचा पत्रा) मी हात लावण्याआधीच रस्त्यावर गळून पडली होती.

राहिला तुमचा मित्र. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्याच्या गाडीत पाट्यांची शॅकल मागे आहेत आणि बॉक्सही मागेच. मग आणखी कसला पुरावा हवाय? स्टिअरिंग बांधून जॅकची तपासणी करायला सांगा, किंगपिन बारा-सहावर हलवून बघायला सांगा, आणि कॅस्टर किती ते गाडी तिच्या उंचीवर उभी असताना मोजून कळवा. तोवर त्याला म्हणावं, चाळिसाच्या वर नेऊ नकोस.