आजारी पडायचं तर नियमात बसून पडा

फौजेत असाल आणि रिटायरमेंट जवळ आली असेल तर हे नीट वाचा, कारण डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे नोकरीमुळे लागलेल्या आजाराची किंवा दुखापतीची पेन्शन, पाहिजे असेल तर आजारी कुठे पडायचं हे आधीच ठरवावं लागतं. बीपी वाढवायचं असेल ना, तर सियाचीनला नाहीतर एलओसीवर असतानाच वाढवून घ्या, पुण्याला पोस्टिंग आल्यावर वाढलं की मेडिकल बोर्ड, म्हणजे तपासणारे फौजी डॉक्टर, लिहून मोकळं होतं, पीस स्टेशनला (सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी) सुरू झालं, सर्व्हिसशी संबंध नाही, विषय संपला. आता एवढी वर्षं बर्फात काढून शरीराने पुण्यात येऊन हिशोब मांडला तर चूक शरीराचीच, त्याला मूव्हमेंट ऑर्डर (बदलीचा हुकूम) वाचता येत नाही.

शुगर तर बिलकुल लावून घेऊ नका, ती लाइफस्टाइलमध्ये जाते. पहाटे पीटी, रात्री गार्ड ड्युटी, लंगरची (फौजेच्या स्वयंपाकघरातली) पुरी-भाजी, महिनोन् महिने बायकापोरांचं तोंड बघायला नाही, ही म्हणे तुमची लाइफस्टाइल, तुम्हीच हौसेने निवडलेली!

घसरून पडायचं असेल तर आधी दोन साक्षीदार उभे करा आणि पडल्या पडल्या इंज्युरी रिपोर्ट भरून घ्या. उस्ताद म्हणाले "कुछ नहीं हुआ, आयोडेक्स लगा ले" आणि तुम्ही ऐकलंत, की पंधरा वर्षांनी तो गुडघा तुमच्या घरचा. कानाचं पण तेच, बहिरे व्हायचंच असेल तर 20 टक्के तरी व्हा, त्याच्या खाली पेन्शनच नाही, आणि योगायोग बघा, तोफांपाशी आयुष्य काढलेल्या बऱ्याच जणांचे कान बरोब्बर 15 ते 19 मध्येच येऊन थांबतात.

आता कोणी शहाणा म्हणेल, अरे पण 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की भरतीच्या वेळी कागदावर आजार नसेल तर तो नोकरीतच लागला असं धरायचं, नाही म्हणायचं तर पुरावा सरकारने द्यायचा. बरोबर आहे, शेप वन, म्हणजे पूर्ण फिट, होतात म्हणून तर घेतलं तुम्हाला. फक्त तो निकाल बोर्डाच्या टेबलापर्यंत अजून चालत पोचलेला नाही, बहुतेक लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे अनफिटांच्या यादीत, असावा.

मग बोर्डाच्या नकारावर पहिलं अपील, फेटाळलं. दुसरं अपील, तेच वाक्य परत टाइप करून फेटाळलं. मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींचं कोर्ट, त्याचं बेंच मुंबईत, म्हणजे साताऱ्याहून रात्रीची एसटी आणि तोच गुडघा. तिथे जिंकायचे चान्स चांगले आहेत, खरंच सांगतो. 30 टक्के असतील तर 50 धरून द्या असाही आदेश मिळेल, हे राउंडिंग 10 डिसेंबर 2014 लाच सुप्रीम कोर्टात मान्य झालंय, तरी ज्याने त्याने वेगळं भांडून मागायचं असतं, आपोआप दिलं तर फौजेला आळशी सवय लागेल.

पण निकाल लागला म्हणून लगेच पेढे आणू नका. सरकार हायकोर्टात जाऊ शकतं, तो रस्ता उघडाच आहे हे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेच स्पष्ट केलंय. आणि उशिरा केस टाकली असेल तर थकबाकी बऱ्याच वेळा मागच्या 3 वर्षांचीच मिळत आली आहे, त्याआधीची वर्षं देशसेवेत धरा. स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर हयातीचा दाखला मात्र दरवर्षी वेळेवर टाकत चला. आणि वकील तरुण बघून करा, केस संपेपर्यंत टिकायला पाहिजे.