नातवंडांची लस आणि आजी-आजोबा

नातवंडांना न्यूमोकोकल लस (न्यूमोनिया, मेंदूज्वर घडवणाऱ्या न्यूमोकोकस जंतूविरुद्धची) दिली की घरातल्या ज्येष्ठांना वेगळी लस नको, हे एका लेखातलं विधान घाईचं आहे. फायदा होतो, यात शंका नाही. हा जंतू मुख्यतः लहान मुलांच्या नाका-घशात मुक्काम करतो, आणि कॉन्ज्युगेट लस (जंतूच्या आवरणातली साखर प्रथिनाला जोडून केलेली, बाळांना देतात ती) तो मुक्कामच कमी करते. अमेरिकेत २००० साली बाळांना या जंतूच्या सात प्रकारांविरुद्धची लस सुरू झाली आणि लस न घेतलेल्या ६५ वर्षांवरच्या लोकांतही त्या प्रकारांचे गंभीर आजार घटले. पण मोकळी जागा त्या लशीत नसलेल्या १९ए या प्रकाराने बळकावली!

आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या न्यूमोसिल या लशीत १९ए आहे, प्रकार ३ मात्र नाही. तेरा प्रकारांच्या लशीत तो आहे, तरी मुलांना ती देऊन ज्येष्ठांमधला प्रकार ३ फारसा हटलेला नाही. त्यामुळे मधुमेह, दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या आजोबांनी नातवाच्या लशीवर विसंबू नये. डॉक्टरांना स्वतःच्या लशीबद्दल विचारावं.

बाळाचे डोस ६ आणि १४ आठवड्यांना, बूस्टर ९ महिन्यांना, महापालिकेच्या दवाखान्यात मोफत. गोवर-रुबेलाच्या दिवशीच हा बूस्टरही मागून घ्या. तो चुकला तर नाका-घशातलं संरक्षण लवकर ओसरतं, म्हणजे आजोबांचा आडोसाही गेला.