दिवा गेला म्हणजे दुखणं गेलं नाही

"जुन्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर घाबरू नका, नव्वद टक्के वेळा स्विचच खराब असतो. वायर काढा आणि निघा. नाहीतर 90 नंबरचं गिअर ऑइल भरा, रेस देत राहा, प्रेशर येतं." हा मेसेज फिरतोय, फिरेना का! पण नौपाड्यातल्या माझ्या मामांनी तो वाचून आपल्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या ऑइल प्रेशर स्विचची वायर खरंच काढली, घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन आले आणि वर मला फोन: "दिवा गेला बघ!"

जाणारच. ऑइलचं प्रेशर पडलं की स्विच वायरला अर्थिंग देतो, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडतो, आणि दिवा लागतो. वायरच काढल्यावर इंजिनखालचा ऑइलचा चेंबर कोरडा पडला तरी दिवा लागायचा नाही. वायर काढूनही दिवा जळत राहिला, तर ती वाटेत कुठेतरी बॉडीला लागलीय, एवढंच काय ते कळतं.

स्विच खराब होतात, हे मान्य. पण ते ठरवायचं तर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावायचं आणि इंजिन गरम झाल्यावर सुई बघायची. दर 1000 आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) 10 पीएसआय प्रेशर, हा जुन्या गाड्यांचा ढोबळ हिशोब. वागळे इस्टेटमधला आमचा मेकॅनिक गेज लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. मामांच्या गाडीत आयडलला सुई 5 वरसुद्धा चढेना.

"ऑइल भरपूर आहे रे, उलट वाढलंय!"

ऑइल आपोआप वाढतं का हो, मामा? मेकॅनिकने डिपस्टिक नाकाशी नेली आणि न बोलता माझ्याकडे दिली. पेट्रोलचा भपकारा. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटून पेट्रोल थेट चेंबरात उतरत होतं. ऑइल पाण्यासारखं पातळ.

गिअर ऑइलचं काय सांगावं! त्याचे नंबर वेगळ्या पट्टीवरचे. 90 नंबर जाडीला इंजिनच्या 40-50 नंबरच्या आसपासच येतं, आणि त्यातली रसायनं इंजिनसाठी नसतातच. 20डब्ल्यू-50 हे जाड इंजिन ऑइल टाका म्हटलं असतं तर गप्प बसलो असतो.

आणि रेस? ऑइल पंपाची जाळी चोंदली असेल किंवा जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असेल, तर रेस देऊन बेअरिंग फक्त लवकर जातात. दिवा लागला की गाडी बाजूला, इंजिन बंद.

जुनी गाडी घ्यायला निघाला असाल, तर इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवा. ऑइलचा दिवा लागायलाच हवा. नाही लागला तर बल्ब तरी गेलाय, नाहीतर आधीच्या मालकालाही हा मेसेज आला होता.